दादांचे बत्तीस आवाज

आमच्या घरी माळ्यावर चादरीत गुंडाळलेला एक जुना कीबोर्ड आहे. यामाहा कंपनीचा डीएक्स7. हे वाद्य 1983 साली बाजारात आले. आमच्या दादांनी तो नव्वदच्या दशकात जुनाच, हप्त्याहप्त्याने घेतला. दिवसा गोदीत काम आणि रात्री ऑर्केस्ट्रा. हळद असो, बारसे असो की 14 एप्रिल, दादांची बोटे फिरल्याशिवाय आमच्या चाळीचा कार्यक्रम रंगत नसे.

या वाद्याच्या पोटात 32 आवाज मावतात. दादांनी त्यातले मूळचे आवाज पुसून स्वतःचे भरले. आकडा बदलायचा, कान लावायचा, पुन्हा बदलायचा. रात्र सरून जाई. एक सनईसारखा, एक बाजाच्या पेटीसारखा. प्रत्येक आवाजाला रोमन लिपीत दहा अक्षरांपर्यंत नाव देता येते. एका आवाजाला त्यांनी आमच्या आईचे नाव दिले होते.

दादा गेले. पुढे त्यांच्या एका सोबत्याचा असाच कीबोर्ड दुरुस्तीहून परत आला, तेव्हा त्याचे सगळे आवाज गेलेले होते. कारीगराने बॅटरी बदलली होती, एवढेच. तेव्हा आम्हांला कळले की हे आवाज नाण्याएवढ्या एका बॅटरीच्या जिवावर टिकतात. ती संपली वा काढली की सारे पुसले जाते. आम्ही माळ्याकडे पाहिले आणि पोटात गोळा आला.

कॅसेटवर भरून ठेवले तर? नाही. कॅसेटवर वाजवलेले गाणे राहते. आवाज घडवणारे आकडे राहत नाहीत.

भाच्याने वाट काढली. कीबोर्डच्या मागे मिडीचे भोक असते. तिथून तार संगणकाला जोडली. संगणकावर लिनक्स होते आणि त्यात ‘अमिडी’ नावाची ओपन सोर्स आज्ञा. म्हणजे जिला पैसे पडत नाहीत आणि जिची घडण कोणीही उघडून पाहू शकतो, सुधारू शकतो. करणारा थांबला तरी दुसरा चालू ठेवू शकतो. आधी संगणकाला ऐकत ठेवले, मग कीबोर्डवरून ‘पाठव’ म्हटले. काही क्षणांत फाईल तयार.

भाचा म्हणाला, “मामा, आधी माप बघू.” 32 आवाजांची पूर्ण फाईल 4104 बाइटची भरते. एवढीशीच! पण कमी भरली तर निरोप वाटेत तुटला असे समजावे. आमची बरोबर भरली.

मग ती ‘डेक्स्ड’ या दुसऱ्या ओपन सोर्स प्रोग्राममध्ये उघडली. तो संगणकातच डीएक्स7 सारखा वाजतो. पडद्यावर 32 नावे आली, त्यांत आईचेही. भाच्याने एक सूर दाबला. वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि दारातच थांबल्या.

त्यानंतरच आम्ही बॅटरी बदलून घेतली. वाद्याचे मेमरी प्रोटेक्ट बंद करून तीच फाईल उलट पाठवली. सारे आवाज जागेवर बसले. आता एक प्रत आमच्याकडे, एक भाच्याकडे.

वाचकहो, तुमच्या घरीही असा एखादा कीबोर्ड पडून असेल. त्यात कोणीतरी रात्री जागून आपले कान ओतले असतील. कारीगराला बोलावण्याआधी त्याची नक्कल काढून ठेवा. बॅटरी बाजारात मिळते. दादांच्या त्या रात्री मिळत नाहीत.