आधी पत्ता वाचा

‘भाऊ, वायफाय लागलंय पण नेट चालत नाही,’ असा फोन आला की मी आधी विचारतो, ‘आयपी काय दाखवतोय?’ 192.168 ने सुरू होत असेल तर राउटरपर्यंत बहुधा ठीक आहे, पुढे बघायचं. लॅपटॉपवर 169.254 दिसलं तर पत्ता कुणी दिलेलाच नाही, मशीनने स्वतःच लावून घेतलाय. आणि राउटरच्या वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या, पानावर 0.0.0.0 असेल तर लाइन तरी नाही, नाहीतर लॉगिन तरी झालेलं नाही. एवढं कळेपर्यंत रिसेटच्या भोकात टाचणी घालू नका, असं मी बजावतो. पुष्कळ घरी लाइनचं युजरनेम-पासवर्ड राउटरमध्येच भरलेलं असतं. टाचणी घातली की तेही पुसलं जातं.

सुरतजवळच्या चलथाण-कडोदरा पट्ट्यात खानदेशातून आलेली घरं पुष्कळ. भाऊ येतो, वर मजला चढतो, मग वरच्यांसाठी दुसरा राउटर. खालून आलेली वायर कुणीतरी त्याच्या लॅनमध्ये, म्हणजे घरातल्या जोडण्यांच्या भोकात, खोचतं. दोघांचा पत्ता 192.168.1.1, आणि पत्ते वाटणारं डीएचसीपीही दोन्हीकडे चालू. मग एकाच खोलीत पोराचा फोन चालतो, आईचा अडकतो. ज्याची मागणी खालच्याकडे गेली त्याला नेट मिळतं. वरच्याकडे गेली तर त्याच्यामागे लाइनच नाही. नेटची कंपनी बिचारी फुकट शिव्या खाते.

इलाज सोपा, पण क्रम चुकवायचा नाही. मधली वायर काढून लॅपटॉप वरच्या राउटरला जोडायचा. त्या राउटरचा पत्ता 192.168.1.2 करायचा, खालचा राउटर 100 पासून पुढे वाटत असेल तर हा आकडा मोकळा असतो. सेव्ह केलं की पान फिरत राहतं आणि घरातले म्हणतात, ‘गेलं!’ गेलेलं काही नसतं, आता नव्या पत्त्यावर जायचं असतं. तिथे डीएचसीपी बंद करायचं आणि मगच वायर लॅनमधून लॅनमध्ये जोडायची.

हे 192.168 चे आकडे घरोघरी तेच. 1994 मध्ये खाजगी वापरासाठी ते राखून ठेवले, म्हणून चलथाणला जो पत्ता तोच चाळीसगावलाही चालतो. बाहेरचे पत्ते मात्र मोजके, खाजगी धरूनही सगळे मिळून साधारण 429 कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा 3 फेब्रुवारी 2011 ला वाटून संपला. म्हणून काही कंपन्या आता एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटून देतात. अशा घरी वॅनच्या पानावर बहुधा 100.64 ते 100.127 मधला आकडा दिसतो.

आखाजीला गावी निघालेले काका म्हणतात, ‘जुन्या डीव्हीआरचा पोर्ट उघडून दे, गावाहून कॅमेरा बघीन.’ मी आधी तो आकडा बघतो. 100.64 असेल तर राउटरमध्ये काहीही उघडलं तरी बाहेरून कुणी आत येणार नाही. कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागा, असं सांगतो आणि सेटिंगचे पैसे घेत नाही.