टाक्यांचा हिशेब

पुणे, 12 जानेवारी

प्रिय मृणाल,

तुझ्या गोधड्यांचे फोटो मिळाले. जुन्या सुती साड्यांचे थर, त्यांवर बारीक धावदोरा, कडेने चौकटीत फिरत गेलेले टाके. कामाला कोणी नाव ठेवणार नाही. आता तू विचारतेस, की माल ऑनलाइन टाकू की प्रदर्शनात मांडू? पण हा प्रश्न नंतरचा. घरून हस्तकला विकणाऱ्या बहुतेक बायका त्याच्या आधीच अडतात, किमतीपाशी. आणि तुझ्या कुडाळजवळच, सावंतवाडीत, या अडचणीतून वाट काढलेली आहे.

तिथल्या गंजिफांचं उदाहरण घे. दशावतारी गंजिफांच्या एका डावात 120 गोल पत्ते असतात: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते. प्रत्येक पत्ता हाताने रंगवायचा, मग त्यावर लाखेचा लेप चढवायचा. एवढं करून तो डाव खेळता येणारी माणसं शोधूनही सापडत नाहीत. ही कला संपत आली होती, तेव्हा सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती जुन्या चिताऱ्याकडून शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना काम सुरू करून दिलं. पुढे तीच चित्रं डब्यांवर, तबकांवर, चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्यांवर आणि नेहमीच्या 52 पत्त्यांच्या जोडावरही आली. पर्यटक झेपेल ती वस्तू घेऊन जातो, पूर्ण डाव संग्राहकासाठी राहतो. त्या डावाची किंमत पाडावी लागली नाही, शेजारी लहान वस्तू ठेवावी लागली.

आता तुझी वही उघड. समज, एका मोठ्या गोधडीला 40 तास लागले आणि तासाला तू स्वतःला 80 रुपये धरलेस, तर मजुरीच 3,200 रुपये होते. कापड, दोरा आणि अस्तराचे 600, पिशवी आणि खोक्याचे 200 धर. झाले 4,000. यात नफा नाही, वीज नाही, चुकून उसवलेली ओळ नाही. हीच गोधडी शहरातल्या दुकानात ठेवलीस आणि दुकानदाराने विक्रीच्या किमतीतले 35 टक्के स्वतःकडे ठेवले, तर तुझे 4,000 सुटायलाही पाटीवर सहा हजारांच्या वरचा आकडा लिहावा लागेल. शेजारच्या काकू म्हणतात त्या बाराशे रुपयांत गोधडी देणं म्हणजे कापडाच्या आणि खोक्याच्या पैशांवर तासाला दहा रुपये घेणं. बाराशेचं गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नसेल, तर त्याच्यासाठी बाळाचं दुपटं शिव, उशीचा अभ्रा शिव. गोधडीच्या किमतीला हात लावू नकोस.

सहा हजार कोण देईल? ज्याला त्या वस्तूबद्दल काही कळलं आहे तो. गेल्या जूनमध्ये, म्हणजे 2025 साली, मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या, पण त्या कुठल्या ते सांगितलं नाही. महाराष्ट्रात ओरड झाली, मग कंपनीने मूळ प्रेरणा मान्य केली, तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. या भागात 2,000 जोड बनवायचे आणि ते सुमारे 800 युरोला विकायचे, असं जाहीर झालं. कोल्हापूरच्या बाजारात काही शेकड्यांपासून मिळणारी चप्पल ती हीच. यातली कायद्याची बाजूही समजून घे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना. पण मानांकन रक्षण करतं नावाचं. आकार किंवा नमुना कोणी उचलला, तर ते तेवढंसं कामी येत नाही.

म्हणून नाव हीच खरी मिळकत, आणि ते तुझं तुलाच लिहावं लागेल. प्रत्येक गोधडीला एक कापडी पट्टी शिव: कोणी शिवली, कुठे, किती तासांत, आत कसलं कापड, धुवायची कशी. वारली चित्रं लग्नघरात सवाष्णी काढत, भिंतीवर. त्यांखाली नाव नसे. जिव्या सोमा मशे यांनी तीच चित्रं कागदावर उतरवली, ती गावाबाहेर गेली आणि त्यांच्यासोबत चित्रकाराचं नावही गेलं. मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. भिंत विकायला नेता येत नाही. कागद नेता येतो, आणि त्यावर सहीही करता येते.

फोटोंबद्दल एवढंच, की ट्यूबलाइटखाली काढू नकोस. सकाळी खिडकीशी काढ. एक फोटो पूर्ण गोधडीचा, एक टाक्यांचा अगदी जवळून, एक उलट्या बाजूचा. मापं इंचांत लिही. जुन्या साडीचा रंग उतरलेला असेल, तर तेही लिही, म्हणजे माल परत येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग फुकट लावता येतो. मापाबरहुकूम ऑर्डर असेल, तर अर्धी रक्कम आगाऊ घे, ओळखीच्यांकडूनसुद्धा. ओळखीच्यांकडून तर नक्कीच.

प्रदर्शनाला जरूर जा. बचत गटात असशील, तर मुंबईचं महालक्ष्मी सरस आहे. पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते. पण स्टॉलचं भाडं, प्रवास, राहणं आणि घर बंद ठेवल्याचे दिवस, सगळं खर्चात धर. गल्ल्यात किती जमलं यावर प्रदर्शनाचा हिशेब संपत नाही. किती जणांनी आपणहून नंबर दिला आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यांतले किती जण पुन्हा आले, ते लिहून ठेव. 'माल ठेवून जा, विकला की पैसे देतो,' असं म्हणणारे दुकानदार भेटतील. त्यांना नकार द्यायचं कारण नाही, पण नगांची यादी, ठरलेली टक्केवारी आणि पैसे द्यायची तारीख कागदावर घे.

कापडी बाहुल्यांचा विचार आहे म्हणतेस, तिथे मात्र थांब. 1 जानेवारी 2021 पासून लहान मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं मानक सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. तेव्हा आधी त्या कार्यालयाचं 'पहचान' कारागीर ओळखपत्र काढ, बाहुल्या मग. उद्यम नोंदणीही करून टाक. सरकारी संकेतस्थळावर तिला पैसे पडत नाहीत, कोणी मागितले तर तो दलाल समज. वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल, तर राज्यातल्या राज्यात माल विकायला जीएसटी लागत नाही. ऑक्टोबर 2023 पासून छोट्या विक्रेत्यांना ऑनलाइन बाजारातही राज्यापुरती ही सवलत आहे, फक्त त्यासाठी पोर्टलवरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. परराज्यात पाठवायची वेळ येईल, तेव्हा आधी कर सल्लागाराला विचार.

हे सगळं एका महिन्यात करायचं नाही. सध्या एवढंच कर: पुढच्या तीन गोधड्या घालताना सुई हातात घेतल्याची आणि खाली ठेवल्याची वेळ वहीत टिपत जा. ती बेरीज हातात येईपर्यंत कोणालाही किंमत सांगू नकोस, मलासुद्धा. मला एक मोठी गोधडी हवी आहे. बेरजेतून जो आकडा निघेल तो कळव, अर्धे पैसे लगेच पाठवते.

तुझी,
सुमनमावशी