मोड आलेली बाजरी

बलुत्यातली बाजरी कशी असायची ते आमच्या आईला विचारा. ती ऐंशीच्या पुढची आहे. महारकी वतन कायद्यानं गेलं १९५८ साली, तोवरचं सगळं तिनं डोळ्यांनी बघितलेलं. चांगली रास पाटलाच्या बळदात जायची. खळ्यावर उरलेलं, मातेऱ्यातलं, पावसानं भिजलेलं, ते आमच्या ओट्यात. त्यात कणसातच मोड फुटलेली बाजरी. तिचं पीठ चिकट. थापायला घेतली की भाकरी हाताला लागायची, तव्यावर टाकली की फाटायची. पण गोड लागायची. आई म्हणते, "सडक्याची गोडी व्हती ती. पन गोडी व्हती."

ह्या गोडीला जगात एक नाव आहे. माल्ट. धान्य भिजलं की आतला कोंब जागा होतो. कोंबाला खायला पाहिजे, म्हणून दाणा आपल्यातल्या पिठाची साखर करायला लागतो. मोड आल्यावर दाणा वाळवला की ते काम थांबतं, पण ताकद दाण्यात राहते. पुन्हा कोमट पाण्यात घातला की पुन्हा साखर. जवाचा असा माल्ट करून गोरे लोक बिअर बनवतात. आपल्या बाया नाचणीचं सत्व करतात आणि तान्ह्या लेकराला भरवतात. क्रिया एकच. एकीला कारखाना म्हणतात, दुसरीला बायकांचं काम.

आता मूळ गोष्ट. माझा भाचा लीड्सला शिकतो. राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती मिळाली, गेला. विलायतेत १९६३ पासून घरच्या घरी बिअर करायला परवाना लागत नाही. विकायची नाही, एवढीच अट. लोक छंद म्हणून करतात, त्यांची मंडळं असतात. भाचा एका मंडळात जायला लागला. तिथं दर खेपेला कुणीतरी नवा खास माल्ट आणतो. जवाचा साधा माल्ट हा पाया. त्यात मूठ-दोन मुठी भाजलेला माल्ट रंगासाठी, चवीसाठी. एकाला तर चॉकलेट माल्ट म्हणतात. त्यात चॉकलेट नसतं, नुसता भाजून तसा रंग आणलेला.

ह्याच्या डोक्यात आलं, बाजरीचा करून बघू. गुजराती दुकानात बाजरी मिळाली. पण मोड आणायचे कसे, वाळवायची कशी? मला फोन केला. "मामा, आजीला दे."

आईनं पहिला प्रश्न विचारला, "कशाला पायजे?"

पोरगं खोटं बोललं नाही. "बिअर करायचीय, आजी."

"म्हंजे दारूच."

"हो. दारूच."

आई बराच वेळ गप्प. आमच्या वस्तीतल्या तीन घरांचे कर्ते हातभट्टीनं गेलेत. त्यातला एक तिचा सख्खा भाऊ. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली सतरावी दारूची. ती प्रतिज्ञा आमच्या घरात भिंतीवर नाही, आईच्या तोंडात आहे. मला वाटलं आता फोन ठेवणार. ती म्हणाली, "मोड आनायचे ते सांगते. ती काय दारू न्हाई. फुडचं तुझं तू बघ. पन मला पाजायला आनू नको."

मग सांगत बसली. रातभर भिजव. सकाळी पाणी काढून फडक्यात बांध. दोन दिवस ओलं ठेव, पन पाण्यात बुडवू नको, आंबुस वास येतो. कोंब दाण्याएवढा झाला की उन्हात टाक. ऊन नसंल तर चुलीच्या कडंला. वाळल्यावर हातावर चोळून कोंब पाखडून टाक, कडू लागतात. मग मंद जाळावर भाज, वास बदलला की उतरव. आणि पीठ करून ठेवू नको, बाजरीचं पीठ आठ दिवसांत खवाट होतं. लागंल तेवढंच भरड.

भाचा सगळं लिहून घेत होता. नंतर मला म्हणाला, मामा, पुस्तकात हेच आहे, फक्त पुस्तकात हे विज्ञान म्हणून आहे. खवटपणाचं तर बरोब्बर. बाजरीत तेल जास्त, तेच पिठाला खवट करतं.

त्यानं वीस लिटरचा घाणा केला. जवाचा साधा माल्ट चार किलो, आईच्या रीतीनं भाजलेली बाजरी चारशे ग्रॅम. भाजल्यावर बाजरीची साखर करायची ताकद मरते, म्हणून पायाला जव लागतोच. पासष्ट अंशाच्या पाण्यात तासभर भिजवलं, गोड पाणी गाळलं, हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं घालून उकळलं, गार करून खमीर घातलं. दोन आठवडे आंबलं, मग बाटल्यांत भरलं. रंग आला गुळाच्या काकवीसारखा. फेस मात्र टिकला नाही, बाजरीचं तेल फेस मारतं. चव? म्हणाला, भाकरीचा करपलेला पापुद्रा असतो ना, तशी. दुसऱ्या खेपेला बाजरी निम्मी घातली, फेस जरा उभा राहिला.

मंडळातल्यांना आवडली. एकानं विचारलं, ही भारतातली प्राचीन परंपरा का? ह्याला हो म्हणता आलं असतं. प्राचीन म्हटलं की गोरा माणूस खूश, आपल्याकडचा वरचा माणूस त्याहून खूश. हा म्हणाला, नाही. माझ्या आजीच्या लोकांना भिजलेलं धान्य मजुरी म्हणून देत, त्यातनं हे आलंय. टेबल गप्प झालं म्हणे. दोस्तहो, मला त्या बिअरपेक्षा हे वाक्य मोलाचं वाटतं.

त्याच मंडळात कुणीतरी दक्षिण आफ्रिकेचा विषय काढला. तिथले काळे लोक ज्वारीला मोड आणून बिअर करतात. करतात म्हणजे बाया करतात, घरी. १९०८ साली नाताळ प्रांतात कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी डर्बनच्या गोऱ्या नगरपालिकेनं मक्ता घेतला. काळ्या बाईनं घरी केली तर गुन्हा, नगरपालिकेच्या बिअर हॉलात काळ्या माणसानं पैसे मोजून प्यायली तर कायदेशीर. आणि त्या नफ्यातून काळ्यांवर राज्य करायचा खर्च. १९२९ ला बाया काठ्या घेऊन बिअर हॉलवर चालून गेल्या. १९५९ ला डर्बनच्या कॅटो मॅनरमध्ये पुन्हा. मग १९७६ ला सोवेटोची शाळकरी पोरं उठली, त्यांनी बिअर हॉल जाळले. आयांनी भांडं परत मागितलं, पोरांनी दुकान पेटवलं. मला दोन्ही खरे वाटतात. भांडं कुणाच्या हातात आणि पैसा कुणाच्या खिशात, हा दोघांचाही प्रश्न होता.

आता आपल्याकडे या. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. नाव आता महाराष्ट्राचं झालं, कायदा तोच. भाच्यानं लीड्सच्या स्वयंपाकघरात केलं ते आमच्या वस्तीत केलं असतं तर जीप आली असती, भांडी फुटली असती, आईला चौकीत बसवलं असतं. पुण्यात २००९ साली मायक्रोब्रुअरी निघाली. परवाना आहे, काचेचा पेला आहे. तिथं आंबवलं की कला, वस्तीत आंबवलं की हातभट्टी. आमच्या नगर जिल्ह्यात (आता कागदावर अहिल्यानगर) प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढं जिल्हाभर कारखाने झाले. उसाची मळी निघते, मळीची दारू होते, दारूचा कर सरकारला. ऊस तोडणारा ती विकत घेऊन पितो. डर्बनला जाऊन वेगळं काय बघायचं?

तुम्ही म्हणाल, मग घरोघरी भट्ट्या लावायच्या का? नाही. आईच्या भावाचं मढं मी उचललंय. नगर तालुक्यातल्या पांगरमलला फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडणुकीच्या जेवणावळीत विषारी दारू वाटली, माणसं मेली. ती दारू जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कॅन्टीनमध्ये तयार झाल्याचं तपासात निघालं. मताच्या बदल्यात बाटली देणारा आपल्याला माणूस समजत नाही. बाबासाहेबांनी सतरावी प्रतिज्ञा दिली ती सोवळेपणासाठी नाही, शुद्धीवर राहून लढता यावं म्हणून. मी पीत नाही. भाच्याशी माझं भांडण आहे आणि ते मिटलेलं नाही. तो म्हणतो, मामा, मी शुद्धीतच करतो. मी म्हणतो, तू शुद्धीत असशील, तुझ्या मागं येणारा असेल का?

पण दारू सोडणं म्हणजे हातातली विद्या सोडणं नव्हे. आईनं बरोबर जागेवर रेघ ओढली. मोड इथवर आपले, पुढचं तुझं तू बघ. त्याच मोड आणून वाळवलेल्या बाजरीची मी घरी पेज करतो. कोमट पाण्यात भरड कालवून तासभर ठेवतो, मग शिजवून चिमूटभर मीठ टाकतो. गूळ घालावा लागत नाही. शेजारची पोरं वाटी घेऊन येतात. बाजारात असल्याच पिठाचे डबे विकायला आहेत, डब्यावर परंपरा लिहिलेली असते. कुणाची, ते लिहिलेलं नसतं.

तेव्हा पोरांनो, आपापल्या गावात दोन गोष्टी विचारा. एक, देशी दारूचं दुकान कुणाच्या नावावर आहे आणि पैसा कुठं जातो. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी मत दिलं तर दुकान बंद करता येतं. पारनेर तालुक्यातल्या निघोजच्या बायकांनी २०१६ साली मतदानानं बाटली आडवी केली होती. दुसरी, म्हाताऱ्यांना विचारा बलुत्यात काय मिळायचं आणि त्याचं त्या काय करायच्या. वहीत लिहून घ्या. नावागावासकट लिहा. उद्या कुणी त्याला प्राचीन म्हणायला आला तर वही पुढं करता यावी.