चाकोरीबाहेरचे रण

मराठीत ‘चाकोरीबाहेर जाणे’ हा शब्दप्रयोग आपण बहुधा कौतुकाने करतो. गाडीच्या चाकांनी पाडलेली वाट ती चाकोरी; ती सोडून जाणारा तो धाडसी, असा त्यामागचा भाव. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ जिथे अजून जिवंत आहे, असा एक प्रदेश आपल्या बडोद्यापासून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर आहे, आणि तिथे चाकोरी सोडणाऱ्याचे कौतुक कोणी करीत नाही. तो प्रदेश म्हणजे कच्छचे लहान रण.

अहमदाबाद आणि विरमगाम मागे टाकून दसाडा-पाटडीच्या बाजूला लागले की शेते विरळ होत जातात. रस्त्याच्या दुतर्फा गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, माजलेली दिसते. आणि मग एकाएकी झाड, दगड, गवताची काडी, काहीच उरत नाही. सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरचा हा सपाट विस्तार आहे. पावसाळ्यात वाऱ्याने रेटलेले आखाताचे खारे पाणी आणि बनास, रूपेण, सरस्वती या नद्यांचे गोडे पाणी येथे एकत्र येते व रणाचे उथळ सरोवर होते. मधले उंचवटे तेवढे पाण्याबाहेर राहतात. त्यांना तिकडे ‘बेट’ असेच म्हणतात. दिवाळीच्या सुमारास पाणी आटू लागते. खालचा गाळ मात्र इतका बारीक आणि चिकट असतो की ओल त्यातून खाली झिरपत नाही. ती वर ओढली जाते, उन्हाने उडून जाते आणि मीठ तेवढे मागे राहते. या मिठाच्या पापुद्र्यामुळे वरून खणखणीत वाटणारी जमीन वीतभर खाली लोण्यासारखी असू शकते.

२०२२ च्या डिसेंबरअखेर आम्ही सात मित्र दोन जीपगाड्या घेऊन तिकडे गेलो. अभयारण्यात मुक्कामाची सोय नव्हती, म्हणून झिंझुवाड्याच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या शेतात तंबू ठोकले. बडोद्याहून नेलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी, जोडीला शेतकऱ्याच्या घरची वाफाळती खिचडी, अंगात बोचणारी थंडी आणि डोक्यावर चांदण्यांचा खच. त्या रात्रीचे सुख शब्दांत मावणारे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परवाने घेऊन आम्ही रणात शिरलो. स्थानिक वाटाड्या आमच्या, म्हणजे मागच्या गाडीत होता. “चीलो छोडशो नहीं,” एवढेच तो निघताना दोन्ही गाड्यांना बजावून म्हणाला. चीलो म्हणजे आपली चाकोरीच. तासाभरात घुडखरांचा एक कळप दिसला. फिकट तांबूस अंग, पाठीवर गडद पट्टा, आणि धाव अशी की ताशी साठ-सत्तर किलोमीटरचा वेग सहज गाठावा. १९६० च्या दशकात हे प्राणी साडेतीनशेच्या आसपास उरले होते. पुढच्या दशकाच्या आरंभी अभयारण्य झाले, आणि २०२४ च्या गणतीत त्यांची संख्या ७,६७२ भरली.

कळप पाहताच पुढच्या गाडीतील आमच्या इंजिनिअर मित्राला राहवले नाही. चहूकडे टेबलासारखी जमीन. मग मळलेली वाट कशाला हवी? त्याने गाडी डावीकडे वळवली. वाटाड्या ओरडेपर्यंत ती तीनशे-चारशे पावले गेली होती, आणि पाहता पाहता आसापर्यंत रुतली. चाके फिरत होती, गाडी मात्र आणखी खाली जात होती. दोर बांधून आमच्या गाडीने तिला ओढून पाहिले. करपल्याचा वास आला आणि आमची क्लचप्लेट जळाली. दोन्ही गाड्या निकामी, प्यायला पाणी दुपारपुरते, आणि क्षितिजावर मृगजळ.

दूरच्या झोपडीतून एक अगरिया आपल्या मुलासह चालत आला. गाडीभोवती फिरून तो म्हणाला, “साहेब, उपर सूकुं, नीचे गारो.” मुलाला त्याने मोटारसायकलवर ट्रॅक्टर आणायला पाठवले. टायरांतील हवा कमी करून, गोणपाट आणि बाभळीची लाकडे चाकांखाली सारून चार तासांनी गाडी निघाली. सायलेन्सर तुटला होता, रेडिएटरची जाळी गाळाने बुजली होती, आणि काठावर येताना बाभळीच्या काट्यांनी दोन टायर बसले.

मित्राने पैसे पुढे केले. अगरियाने ट्रॅक्टरच्या डिझेलपुरते घेतले आणि बोटाने मागे दाखवले. वळताना गाडीने त्याच्या विहिरीपासून मिठाच्या पाटांकडे जाणारी नीक मोडली होती. खारे पाणी नको तिकडे पसरत होते. ऑक्टोबरपासून हे कुटुंब त्या उघड्यावर राहत होते. विहिरीतले खारे पाणी पाटांत खेळवायचे, रोज दंताळ्याने गाळ हलवायचा, तेव्हा कुठे मार्च-एप्रिलपर्यंत मिठाचे टपोरे खडे हाती येतात. पाणी एक दिवस तुटले की त्याचा हिशेब चुकतो. इंजिनिअर मित्राने काही न बोलता बूट काढले. आम्ही सातही जण फावडी घेऊन त्याच्या हाताखाली लागलो. पायाला मीठ झोंबत होते. सूर्य टेकला तेव्हा नीक पुन्हा वाहू लागली, आणि अगरियाच्या घरधनीणीने सर्वांना काळा चहा दिला.

बडोद्याला मेकॅनिकने ब्रेकचे ड्रम उघडले, तर आत खारा गाळ! ओल्या मिठाने लोखंड झपाट्याने गंजते. गाडी रणातून आल्याबरोबर गोड्या पाण्याने खालून धुतली पाहिजे, असे त्याने बजावले. पंधरा दिवसांत दोन्ही गाड्या पूर्ववत झाल्या. रणावर उमटलेले ते खोल चर मात्र पुढच्या पावसापर्यंत तसेच राहिले असतील.

तेथील चाकोरी ही कोणा आळशाची सोय नव्हे. जमीन कुठे वाळली आणि कुठे ओली आहे, कोणाचे पाट कुठवर आले आहेत, हे दरवर्षी पाणी ओसरल्यावर नव्याने अजमावून माणसांनी ती पाडलेली असते. वाचकांपैकी ज्यांना रण पाहायचे असेल त्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात अवश्य जावे. क्रौंच आणि रोहित पक्षी तेव्हा आलेले असतात. परवाना काढावा, वाटाड्याला पुढच्या गाडीत बसवावे, पाणी दुप्पट न्यावे, आणि एखाद्या अगरियाच्या झोपडीपाशी थांबून त्याचे मीठ कसे पिकते ते त्याच्याच तोंडून ऐकावे.