दोन कुत्री, अम्मी आणि चोडणची फेरीबोट

आमच्या मित्राचा मुलगा बर्मिंगहॅमला असतो. तिथल्या कालव्यांतून सात फूट रुंदीच्या लांबट होडीत मित्रमंडळी आणि कुत्री घेऊन तो हिंडतो. वाटेत दोन दारांमधला हौद लागतो. होडी आत घ्यायची, मागचे दार लावायचे, पाणी भरायचे, की होडी वरच्या पातळीला येते. हे व्हिडिओ पाहून मित्राने टुमणे लावले, आपणही जाऊ! पण गडहिंग्लजच्या हिरण्यकेशीत कसली होडी? पावसाळा सरला की बंधाऱ्यांना बरगे घालतात, पाणीही अडते आणि वाटही. म्हणून आजरा, आंबोली, बांदामार्गे गोव्यातले चोडण बेट ठरले.

अडचण एकच. मित्राकडची वाघ्या आणि चंपी येणार, आणि आमच्याबरोबर अम्मी. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर धुतल्याशिवाय नमाज नाही, हे आमच्या घरात पूर्वापार पाळलेले. मित्र म्हणाला, "कुत्री ठेवून येतो." वीस वर्षांत त्या घराने आमच्यासाठी बरेच जपले आहे, दर वेळी त्यांनीच का सोडायचे? आम्ही अम्मींनाच विचारले. दर जुम्याला सूरह कहफ वाचणाऱ्या अम्मी म्हणाल्या, "गुहेतल्या त्या नेक लोकांसोबतही कुत्रा होताच की. माझी जानमाज तेवढी लांब ठेवा." दोन गाड्या केल्या.

पोंबुर्प्याहून फेरीबोटीत चढलो. पायी माणसाला तिकीट नाही; कुत्र्यांचे कुणी विचारलेही नाही. इंजिन धडधडताच वाघ्या मित्राच्या पायांत शिरला. चंपी मात्र कठड्यातून तोंड काढून पाण्यावर भुंकत राहिली. जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, म्हणून पट्टे आखूडच धरले होते.

चोडणला खाजन शेती पाहिली. खाडीचे खारे पाणी बांधाने थोपवून आत भात पिकवतात, खारट जमिनीत तग धरणारे कोरगुट. बांधात मधे 'मानस' असते, लाकडी झडपांचे दार. भरती आली की खाडीचे पाणीच झडपा दाबून बंद करते. ओहोटीला आतले पाणी त्या ढकलून बाहेर पडते. बरगे घालायला-काढायला आमच्याकडे माणसे लागतात, इथे ते काम भरती-ओहोटी करते! ओहोटीच्या वेळी त्याच दाराशी जाळे लावून मासेही धरतात.

असरची वेळ झाली तेव्हा कॅनमध्ये तांब्याभर पाणी उरले होते. ते वुजूसाठी राखलेले. ऊन कडक, दोन्ही कुत्री जीभ काढून धापा टाकत होती. मित्र काही बोलला नाही, पण त्याच्या बायकोची नजर कॅनवर होती. अम्मींनी कॅन तिच्या हातात दिला. "तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केले, ही हदीस मुलांना सांगते मी. आता मीच राखून ठेवू?" मग आम्हाला म्हणाल्या, "खाडीचे आणा. समुद्राचे पाणी पाक असते."

करवंट्यांत पाणी ओतून कुत्र्यांना पाजले. आम्ही जेट्टीवरून बादली सोडून खारे पाणी काढले. अम्मींनी त्यानेच वुजू केला आणि चेहरा चिकटल्याची कुरकुरही केली. मित्र कुत्र्यांना घेऊन मानसच्या पलीकडे, वाऱ्याच्या खालच्या बाजूला जाऊन बसला. नमाज संपेपर्यंत चंपी एकदाही भुंकली नाही.

रायबंदरच्या बोटीत अम्मींनी विचारले, "त्या भित्र्याचे नाव काय म्हणालात?"