तवा सोडतो तेव्हा

तारकर्लीत लोखंडाला उसंत नसते. एकीकडे अरबी समुद्र, दुसरीकडे कर्लीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. वारा कुठूनही येवो, खाराच. पावसाळ्यात विळी धुऊन तशीच ठेवली, तर सकाळी पात्यावर तांबूस पूड दिसते. अशा हवेत काकीचा बिडाचा तवा मात्र काळाभोर, तुळतुळीत. त्यावर गंजाचा ठिपका नाही, की घावनाचा चिकटलेला कपटा नाही. दोन्हींमागे एकच राखण आहे: रोजचं तेल आणि रोजचा विस्तव.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात २ ते ४ टक्के कार्बन असतो, म्हणून ते लवकर वितळतं, साच्यात सहज ओतता येतं, पण आपटलं की तडकतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नांगर या बिडाचेच. त्यांच्याच कारखान्याभोवती १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. वाळूच्या साच्यातून निघालेला तवा हाताला खरखरीत लागतो. त्यावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून तो कडक तापवला, की तेल लोखंडाला घट्ट धरून एक टणक पापुद्रा तयार होतो. असे थरावर थर चढत जातात आणि त्यालाच आपण तवा मुरला म्हणतो. खोबरेल जेवणात कितीही गोड लागलं, तरी हा पापुद्रा धरायला ते मंद. शेंगदाण्याचं तेल त्याहून बरं, जवसाचं आणखी लवकर धरतं.

घावन करताना काकी आधी तव्यावर पाण्याचे थेंब शिंपडते. थेंब नुसता पसरून बसला तर थांबायचं. चुर्र करून उडाला, की अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावरून फिरवायचा आणि तांदळाचं पातळ पीठ कडेकडेनं ओतायचं. थेंब गोळ्या होऊन तव्यावर धावायला लागले, तर तवा फार तापला, आच उतरवायची. जर्मन वैद्य लायडेनफ्रॉस्ट यांनी १७५६ मध्ये तापलेल्या लोखंडी चमच्यात पाण्याचे असेच धावते थेंब पाहून त्यांच्यावर लिहिलं. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि थेंब तिच्यावर तरंगतो. काकीला लायडेनफ्रॉस्ट ठाऊक नाही, थेंब ठाऊक आहे. झाकण ठेवायचं, कडा सुटेपर्यंत कालथ्याला हात लावायचा नाही. कोणी घाई केलीच, तर ती म्हणते, "घाय कित्याक गो? तवो आपणच सोडतलो."

आता गावातल्या स्वयंपाकघरांत मुलामा चढवलेली बिडाची भांडीही दिसू लागली आहेत. आत दुधासारखी पांढरी, बाहेर हळदीच्या नाहीतर निळ्या रंगाची. पुण्या-मुंबईची मुलं सुट्टीला येताना घेऊन येतात. फ्रान्समध्ये ल क्रूझे नावाचा कारखाना १९२५ पासून अशी भांडी करतो. हा मुलामा म्हणजे काच. काचेची भुकटी बिडावर लावून सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजली, की ती वितळून लोखंडाला कायमची बिलगते. आपल्या किनाऱ्याला हे भांडं फार सोयीचं आहे. खाऱ्या हवेत ते गंजत नाही. उघड्या बिडात कोकमाचं आगळ घातलं तर आंबटपणा तेलाचा पापुद्रा खातो आणि कालवणाला लोखंडाची चव येते. काचेला आंबटाचं भय नाही. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं त्यात निर्धास्त शिजतं.

तरीही एक तक्रार सारखी कानावर येते: यात मासा चिकटतो. चिकटणारच, कारण मुलाम्याला बिडाच्या तव्यासारखं वागवलं जातं. उघडं बीड तेल धरून ठेवतं, वर्षांची सवय अंगात मुरवतं. काच काही मुरवून घेत नाही. तिला प्रत्येक वेळी ताजं तेल आणि ताजी निगा लागते. बीड सावकाश तापतं, पण एकदा तापलं की ऊब सोडत नाही. म्हणून मोठ्या जाळाची गरजच नसते. भांडं मंद ते मध्यम आचेवर ठेवावं, कोमट झालं की तेल घालावं, तेलाला लाटा फुटू लागल्या की मासा. रिकामं भांडं जाळावर ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नये. तापलेल्यावर गार पाणी ओतू नये, काच तडकते. लोखंडी कालथ्याऐवजी लाकडी उलथणं वापरावं. काही लागलंच तळाला, तर भांडं निवल्यावर कोमट पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून मंद उकळावं. तारेची घासणी लावू नये.

बांगडा का चिकटतो, हे समजलं की तो सुटतो कसा तेही कळतं. कच्च्या माशातली प्रथिनं तापत्या पृष्ठभागाला पकडतात. भांडं गार असेल, मासा ओला असेल, बर्फातून काढून लगेच सोडला असेल, तर ही पकड घट्ट होते. म्हणून मसाला लावलेल्या तुकडीचं पाणी निथळू द्यायचं, रवा आणि तांदळाच्या पिठात ती घोळवायची. हा थर कुरकुरीतपणासाठी असतोच, शिवाय तो माशाचं मांस आणि भांडं यांच्यामध्ये उभा राहतो. मग तुकडी ठेवायची आणि हात मागे घ्यायचा. खालची बाजू कोरडी होऊन तांबूस होईपर्यंत ती भांड्याला धरून असते; तांबूस झाली की स्वतःच धरणं सोडते. जी तुकडी ओढावी लागते, ती अजून झालेली नसते.

टेफ्लॉनचं मूळ द्रव्य रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये अपघातानं सापडलं आणि न चिकटणारा तवा घरोघर पोहोचला. तो सोपा आहे, पण त्याचा लेप काही वर्षांत झिजतो आणि तवा टाकावा लागतो. बिडाचा तवा वापरानं सुधारत जातो; मुलाम्याचं भांडं जपलं तर पुढच्या पिढीकडे जातं. दोघंही आपल्याकडे थोडा वेळ मागतात, आणि मला तो वेळ स्वयंपाकाचाच भाग वाटतो, स्वयंपाकातला अडथळा नाही. आचेकडे पाहणं, थेंबाचा आवाज ऐकणं, कडा कधी सुटते ते ओळखणं, यातूनच हात तयार होतो. विकतच्या लेपातून तो होत नाही.

तेव्हा घरात माळ्यावर आजीचा बिडाचा तवा गंजत पडला असेल, तर तो भंगारात देऊ नका. घासा, पुसा, तेलाचा पातळ हात देऊन तापवा, आणि गौरीच्या घावन-घाटल्याला तोच चुलीवर चढवा. मुलाम्याचं भांडं असेल, तर आच कमी ठेवा आणि मासा उलटण्याआधी अजून दोन मिनिटं थांबा.