कात्री आणि विळा

भाताच्या पानाची कडा पिवळी पडते आणि टोकाकडून खालपर्यंत वाळत येते, तेव्हा मराठी मुलखात त्या रोगाला कडा करपा म्हणतात. हे नाव शास्त्राच्या दृष्टीनेही नेमके आहे, कारण झँथोमोनास ओरायझी या जिवाणूला पानात शिरण्याची वाट मुख्यतः कडेलाच सापडते. तेथे जलरंध्रे, म्हणजे झाडातील जादा पाणी बाहेर टाकणारी सूक्ष्म छिद्रे असतात. पहाटे भाताच्या पानावर जे थेंब दिसतात, ते पुष्कळदा दवाचे नसून या छिद्रांतून पाझरलेले असतात. थेंबातले पाणी पुन्हा आत ओढले गेले की जिवाणूही आत जातात, मुळांनी शोषलेले पाणी वाहून नेणाऱ्या जलवाहिन्यांत वाढतात आणि चिकट डिंकासारखा स्राव सोडून ती वाट चोंदवतात. जपानमधील क्युशू बेटावरच्या शेतकऱ्यांना हा रोग 1884 च्या सुमारास दिसला होता. भारतातील त्याची पहिली शास्त्रीय नोंद 1959 साली महाराष्ट्रातून झाली आणि 1963 साली बिहारमध्ये त्याची मोठी साथ आली.

या रोगाचे पुष्कळसे मूलभूत संशोधन मात्र जेथे भात पिकत नाही किंवा मुख्य पीक नाही, अशा देशांत झाले आहे. भातखाचरे पाहत वाढलेला वनस्पतिशास्त्रज्ञ अशा देशात हा विषय घेऊन राहतो, तेव्हा ज्या जिवाणूला गावी पावसाच्या सरीबरोबर बांध ओलांडून या खाचरातून त्या खाचरात जाण्यास कुणी अडवत नाही, त्याच जिवाणूसाठी त्याला तेथे परवाने काढावे लागतात. अमेरिकेत झँथोमोनास ओरायझी शेतीला गंभीर धोका असलेल्या रोगकारकांच्या सरकारी यादीत आहे, त्यामुळे नोंदणी झालेल्या प्रयोगशाळेबाहेर तो बाळगता येत नाही आणि प्रत्येक कुपीचा हिशेब ठेवावा लागतो. हा कडकपणा योग्यच आहे. पण त्यामुळे अभ्यासकाच्या वाट्याला येणारा रोग काचघरातल्या पाचपन्नास कुंड्यांपुरता उरतो; तेथे वारा नसतो, चिखल नसतो, आणि पाऊस लांबल्याची चिंताही नसते.

त्या काचघरातले मुख्य हत्यार म्हणजे साधी कात्री. साखर आणि पेप्टोन घातलेल्या आगारच्या थरावर 28 अंश सेल्सिअसला जिवाणू वाढवले की दोन-तीन दिवसांत फिकट पिवळ्या, फुगीर, बोटाला तार येईल अशा चिकट वसाहती दिसू लागतात. झँथोमोनास या नावातला ग्रीक ‘झँथोस’ म्हणजे हाच पिवळा रंग. त्या वसाहती पाण्यात कालवून एका मिलिलिटरमध्ये दहा कोटी ते शंभर कोटी जिवाणू भरतील असे दुधाळ द्रावण करतात, कात्रीची पाती त्यात बुडवतात आणि पानाचा दोन-तीन सेंटिमीटर शेंडा कापतात. प्रत्येक पानाला कात्री नव्याने बुडवावी लागते, आणि कापताना पान चेंगरले तर पुढची मोजणी फसते, म्हणून हे काम पाहताना सोपे वाटले तरी हात बसायला वेळ लागतो. चौदा दिवसांनी कापलेल्या टोकापासून खाली डाग किती उतरला, हे पट्टीने मोजतात. प्रतिकारक जातीत तो थोड्याच अंतरावर थांबतो. टायचुंग नेटिव्ह 1 सारख्या रोगाला सहज बळी पडणाऱ्या जातीत मात्र पानाचा मोठा भाग गव्हाळ होऊन सुकतो. खात्री करायची तर डागाच्या कडेचा तुकडा कापून पाण्याच्या पेल्यात उभा धरावा. क्षणभराने कापलेल्या टोकातून धुराच्या रेषेसारखी पांढुरकी धार पाण्यात उतरू लागते. ती धार म्हणजे लाखो जिवाणू, आणि ती एकदा नजरेने पाहिलेल्या अभ्यासकाला या रोगाविषयी निव्वळ पुस्तकी भाषेत बोलणे पुन्हा जमत नाही.

दुरून पाहण्याचा लाभही फार मोठा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्फ्रेड फिशर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने जिवाणूंमुळे वनस्पतींना रोग होतात हेच नाकारले होते आणि अमेरिकेच्या अर्विन स्मिथशी त्याचा त्यावरून कडाक्याचा वाद झाला होता. त्याच जर्मनीतील हाले येथे आणि त्याच सुमारास अमेरिकेत आयोवा येथे, या कुळातील जिवाणू झाडाच्या पेशीत जी प्रथिने टोचतात ती कोणत्या जनुकावर जाऊन बसणार, हे सांगणारी सांकेतिक लिपी 2009 साली उलगडली. भातात ही प्रथिने साखर बाहेर सोडणारी जनुके चालू करतात, म्हणजे झाड आपल्याच हाताने शत्रूला जेवू घालते. ती कळ जिवाणूला दाबता येऊ नये असे फेरफार केलेले भाताचे वाण ड्युसेलडॉर्फच्या विद्यापीठातून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात 2019 साली पुढे आले.

तरीही काचघरातल्या निष्कर्षाला रोपाच्या वयाचे भान लागते, आणि हे एक्सए-21 या जनुकाच्या प्रकरणात स्पष्ट दिसते. आफ्रिकेतील मालीच्या रानभातातून आलेला हा प्रतिकारक गुण भारतातल्या कटक येथे लक्षात आला, फिलिपाइन्सच्या लॉस बान्योस येथे गुरदेव खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लागवडीच्या भातात उतरवला आणि 1995 साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे पामेला रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेने ते जनुक वेगळे काढले. हे जनुक रोपाच्या कोवळ्या वयात पुरते कामाला लागत नाही. त्याची ताकद झाड मोठे होईल तशी वाढते. म्हणून घाईने दोन पानांच्या रोपावर कात्री चालवणाऱ्याला प्रतिकारक वाणही रोगट दिसतो. हैदराबादच्या संस्थांनी 2008 साली आणलेल्या सुधारित सांबा महसुरीत या जनुकाबरोबर एक्सए-5 आणि एक्सए-13 ही आणखी दोन जनुके एकत्र आणली, ती जिवाणूने एक अडसर ओलांडला तरी दुसरा उभा राहावा म्हणून.

भाताच्या अनेक मुलखांत पाऊस लांबला की तरव्यातली, म्हणजे रोपवाटिकेतली रोपे वाढून लवतात, लावणीनंतर चिखलात आडवी पडतात, म्हणून चुडी बांधण्याआधी विळ्याने त्यांचे शेंडे कापण्याची रीत आहे. कृषी खाते ते कापू नका असे सांगते, कारण एका रोगट रोपावरून फिरलेला विळा पुढच्या शेकडो रोपांना तेच करतो, जे काचघरातली कात्री मुद्दाम करते. शेतकऱ्याच्या विळ्यालाही कारण आहे आणि कृषी खात्याच्या सल्ल्यालाही. त्यातही ज्या वयात एक्सए-21 अजून पुरते जागे झालेले नसते, नेमक्या त्याच वयात हा विळा रोपाला लागतो. परदेशातल्या वहीत चौदाव्या दिवसाच्या मोजणीशेजारी रोपाचे वय लिहिणारा संशोधक गावच्या तरव्याचे दिवस मोजत असतो, आणि काचघरातल्या कुंडीत जून होऊन लवलेले रोप मुद्दाम वाढवून त्याच्यावर कात्री चालवून पाहतो.